भुसावळ बंदर

जळगाव झोपेत निसटलं.
जाग आली तेव्हा गाडी भुसावळला टेकत होती
आणि दोंडाईच्याहून बहीण फोनवर हसत होती:
"सात समुद्र बरोबर उतरलास,
नि घरची गाडी बदलायचं स्टेशन चुकलास?"
सुरतकडची पॅसेंजर संध्याकाळी.
हाताशी सहा तास.

सहा तास हा आकडा माझ्या ओळखीचा.
जहाज बेटाला लागलं की भोंग्यातून एवढेच सांगायचे:
टोपी घ्या, पाणी घ्या,
शेवटचा माणूस चारला वर.
लोक उतरायचे पांढऱ्या चपला वाजवत.
मी तळमजल्याच्याही खाली, धुलाईखात्यात,
जिथं खिडकी नाही
नि समुद्र म्हणजे पत्र्यापलीकडची घरघर.

नऊ वर्षं मी बेटं टॉवेलांतून पाहिली.
या बेटाची वाळू भरड, त्या बेटाची मैद्यासारखी.
खिशांत शिंपले, चुरगळलेलं जास्वंद,
कुठल्याशा हॉटेलचं बिल, दोन कॉफ्या, एक नारळ.
एकदा नखाएवढा जिवंत खेकडा.
त्याला साबणाच्या डबीत दोन दिवस पाळला.

आज मीच उतरलो.
बॅग ठेवली, पावतीची घडी खिशात.
टोपी घेतली.
पाणी घेतलं.

रिक्षावाला गफूर तडवी म्हणाला, काय पाहणार?
म्हटलं, जे असेल ते.
"तसं इथं काही नाही भो. ऊन आहे."
मग ऊनच पाहिलं आधी.
रुळांवर ते असं हलत होतं
की लांबची मालगाडी पाण्यात उभी वाटावी.
रेल्वेच्या जुन्या क्वार्टरांपुढे चिंचा,
चिंचांखाली सायकलवाला, निजलेला,
पोटावर पंप.

एका गल्लीत खाटांवर बिबड्या वाळत घातलेल्या.
थांबून पाहत राहिलो तसा एका बाईनं,
नाव विचारलं तर म्हणाली चिंधूबाई फालक,
वाटीभर घाटा हातात दिला, वर तेल.
"कोन्या गावचे भो तुम्ही?"
"दोंडाईचाना शे," मी.
ती खळखळून हसली माझ्या अहिराणीला,
आणि तिच्या लेवा बोलीत असं काही बोलली
जे निम्मं मला कळलं.
दुसऱ्या देशात एवढं पुरतं.
पैसे काढले तर म्हणाली, ठेवा, वाटी तेवढी द्या.

तापीच्या पुलाजवळ केळीचा ट्रक पंक्चर.
ड्रायव्हर घडामागून घड उतरवत होता,
मी पाहुण्यासारखा उभा.
तो वर न बघता म्हणाला, "धरा एवढा."
धरला.
हिरवा, जड, अंगाशी गार,
झोपलेलं पोर खांद्यावर घ्यावं तसा.
असे अकरा धरले. मोजले म्हणून सांगतो.
खाली नदी उन्हाळ्याची, बारीक,
मधे खडकांचं एक बेट,
त्यावर तीन म्हशी आणि एक बगळा,
कुणालाच कुठं जायचं नव्हतं.
गफूर दोनदा म्हणाला, चला.
मीटर त्यानं कधीच बंद केलेलं.

तीनलाच स्टेशनात परतलो.
सवय कसली, मी तर कधी उतरलोच नव्हतो,
तरी भोंगा वाजेल असं वाटत राहिलं.
बाकावर बसून चपला झटकल्या,
मऊ काळी माती पडली, चिमूटभर.
ही मला कुठल्याही टॉवेलात सापडली नव्हती.

गाडीत दिव्याखाली खांद्यावर डाग दिसला.
केळीचा चीक.
ओला असतो तेव्हा पाण्यासारखा,
वाळला की तपकिरी, हळूहळू काळपट.
लिंबू, मीठ, ब्लीच, वाफ,
सगळं करून बसलोय मी लोकांच्या कपड्यांवर.
जात नाही.

अमळनेर गेलं तेव्हा बहिणीला फोन केला,
जेवण झाकून ठेव म्हटलं.
ती म्हणाली, दिवसभर केलंस काय?
खिडकीचा पत्रा अजून तापलेला होता.
मी हात तसाच त्यावर ठेवला.
म्हटलं, आलो की शर्ट दाखवतो.